कोशाच्या कचेरीतील ज्ञान

बंगळूरच्या जुन्या किल्ल्यालगत चामराजपेट नावाची वसाहत आहे. शहाजीराजांची जहागीर म्हणून मराठी माणसास बंगळूरचे नाव परिचित असते. चामराजपेट मात्र त्या जहागिरीनंतर सुमारे अडीचशे वर्षांनी, १८९२ साली, आखली गेली. जुन्या पेठेच्या दाटीतून बाहेर पडून सरळ रस्ते व त्यांना छेदणारे आडवे रस्ते अशा रीतीने योजनापूर्वक वसविलेला शहराचा हा पहिला विस्तार होय. म्हैसूरचे महाराज चामराजेंद्र वडियार यांचे नाव त्यास मिळाले. याच वसाहतीत, आदिकवी पंपाच्या नावाच्या रस्त्यावर, कन्नड साहित्य परिषदेची वास्तू उभी आहे. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या म्हैसूर संस्थानचे दिवाण असताना, १९१५ साली, ही परिषद स्थापन झाली आणि एच. व्ही. नंजुंडय्या हे तिचे पहिले अध्यक्ष झाले. संमेलने, परीक्षा, ग्रंथप्रकाशन अशी अनेक कामे परिषदेने केली. त्यांपैकी एकाच कामाचा येथे विचार करावयाचा आहे. ते काम म्हणजे कन्नड शब्दांचा अर्थ कन्नडमध्येच देणारा बृहत् निघंटू. तो १९४० च्या दशकात हाती घेण्यात आला. त्याचा पहिला खंड १९७० साली आणि आठवा व अखेरचा खंड १९९५ साली प्रसिद्ध झाला. एकूण पृष्ठे नऊ हजारांच्या घरात जातात.

या सनावळीकडे कचेरीतील माणसाच्या दृष्टीने पाहिले म्हणजे एक गोष्ट चटकन ध्यानात येते. पंचविसाव्या वर्षी नोकरीस लागलेला मनुष्य पंचावन्न-साठाव्या वर्षी निवृत्त होतो. त्याच्या सेवेचा काळ तीस-पस्तीस वर्षांचा. निघंटूचे काम चालले सुमारे पन्नास वर्षे. म्हणजे ज्या हातांनी कामाचा आरंभ केला, त्यांतील बहुतेकांना शेवट पाहावयास मिळणे अशक्य होते. आणि ज्यांनी शेवट केला, त्यांतील अनेक जण आरंभी शाळेतही गेलेले नव्हते. तरीही पहिल्या खंडातील शब्द आणि आठव्या खंडातील शब्द एकाच पद्धतीने मांडलेले असावेत, एकाच कसोटीने पारखलेले असावेत, अशी वाचकाची रास्त अपेक्षा असते. एका पिढीला कळलेली गोष्ट दुसऱ्या पिढीच्या हाती न सांडता कशी द्यावयाची, हा प्रश्न प्रत्येक कारखान्यापुढे, कचेरीपुढे व इस्पितळापुढे असतो. कोशाच्या कचेरीत तो अधिक स्पष्ट दिसतो एवढेच; कारण तेथे ज्ञान हाच कच्चा माल आणि ज्ञान हाच पक्का माल.

ऐतिहासिक पद्धतीचा कोश म्हणजे शब्दांचे चरित्र. शब्द प्रथम कोठे आढळला, पुढे कोणकोणत्या अर्थांनी वावरला, केव्हा मागे पडला, हे मूळ उताऱ्यांच्या आधारे दाखवावयाचे असते. कन्नडपुरते बोलावयाचे तर हा प्रवास इसवी सनाच्या पाचव्या शतकातील हल्मिडीच्या शिलालेखापासून सुरू होतो. नवव्या शतकातील ‘कविराजमार्ग’, दहाव्या शतकातील पंप, बाराव्या शतकातील वचनकार, पंधराव्या शतकाच्या सुमारास कुमारव्यास आणि मग आधुनिक कथा-कादंबरी, असा तो दीड हजार वर्षांचा पल्ला आहे. एवढे वाङ्मय एका माणसाने वाचून डोक्यात साठविणे शक्य नाही. म्हणून चिठ्ठीचा अवलंब करावा लागतो.

चिठ्ठीचा मार्ग साधारणपणे असा असतो. प्रथम कोणते ग्रंथ वाचावयाचे व त्यांची कोणती आवृत्ती प्रमाण मानावयाची, हे ठरते. मग ग्रंथ वाचकांत वाटले जातात. वाचक महत्त्वाच्या शब्दाखाली रेघ मारतो. एका चिठ्ठीवर तो शब्द, ज्या वाक्यात किंवा चरणात तो आला तो उतारा, ग्रंथाचे नाव, सर्ग व पद्याचा क्रमांक एवढे लिहितो. अशा हजारो, पुढे लाखो चिठ्ठ्या जमतात. त्या वर्णानुक्रमे लावतात. एका शब्दाच्या सर्व चिठ्ठ्या एकत्र आल्या म्हणजे त्यांची पुन्हा अर्थावार वाटणी होते. एक अर्थ एका बाजूस, दुसरा दुसऱ्या बाजूस. नंतर एक जण नोंदीचा कच्चा खर्डा करतो, दुसरा तो तपासतो, संपादकमंडळ त्यावर खल करते, आणि शेवटी नोंद मुद्रणालयाकडे जाते.

या सर्व व्यवस्थेची गंमत व तिचा धोका एकाच गोष्टीत आहे. चिठ्ठी लिहिणारा आणि चिठ्ठी वापरणारा यांची बहुधा भेट होत नाही. एकाने लिहिलेली चिठ्ठी दुसरा वीस वर्षांनी उघडतो. तोवर पहिला निवृत्त झालेला असतो, क्वचित जगातूनही गेलेला असतो. म्हणून चिठ्ठीने स्वतःच्या पायावर उभे राहिले पाहिजे. पद्याचा क्रमांक लिहावयाचा राहिला, तर वीस वर्षांनंतरच्या माणसाचा अर्धा दिवस शोधण्यात जातो. उतारा फार तोकडा घेतला, तर शब्दाचा अर्थ त्यावरून लागत नाही. अक्षर वाईट असेल, तर नसलेलाच शब्द कोशात शिरण्याची भीती. लिहिताना वाचलेला एक मिनिट पुढे कोणाला तरी तासाच्या भावाने फेडावा लागतो, आणि फेडणारा मनुष्य निराळाच असतो. कचेऱ्यांतील निम्मी अर्धवट टिपणे या एका कारणाने जन्मास येतात. लिहिणाऱ्यास त्या क्षणी सर्व ठाऊक असते. ते दुसऱ्यास ठाऊक नसेल, ही कल्पनाच त्याच्या मनास शिवत नाही.

तथापि चिठ्ठी कितीही निर्दोष लिहिली, तरी कोशकाराचे सर्व ज्ञान तिच्यात मावत नाही. कन्नडचेच उदाहरण घेऊ. जुन्या कन्नडमध्ये शब्दारंभी असलेला पकार पुढील काळात हकार झाला. दुधाला जुन्या भाषेत ‘पाल्’ म्हणत, आज ‘हालु’ म्हणतात. ‘पुलि’चे ‘हुलि’ झाले, म्हणजे वाघ. ‘पावु’चे ‘हावु’ झाले, म्हणजे साप. ‘पू’चे ‘हू’ झाले, म्हणजे फूल. वर्णानुक्रमाच्या दृष्टीने प आणि ह यांत केवढे अंतर! आठ खंडांच्या कोशात त्यांच्यामध्ये शेकडो पृष्ठे आणि कित्येक वर्षे जातात. मग त्या शब्दाचे चरित्र सांगावयाचे कोठे? पकारात सांगितले तर आजच्या वाचकास सापडणार नाही. हकारात सांगितले तर शिलालेखातील मूळ रूप पोरके होईल. दोन्हीकडे सांगितले तर पुनरुक्ती. काहीतरी निर्णय करावाच लागतो आणि एकदा केलेला निर्णय पकारापासून हकारापर्यंत कोणी विसरता कामा नये. असे शेकडो लहानमोठे निर्णय कोशाच्या कामात होत असतात. चिठ्ठ्यांच्या कपाटांइतकीच अशा निर्णयांची स्मृती मोलाची असते, आणि ती मात्र पुष्कळदा एखाद्या ज्येष्ठ सहकाऱ्याच्या डोक्यातच राहते.

दुसरे उदाहरण याहून सूक्ष्म आहे. ‘तमिळ’ या शब्दाच्या शेवटी तमिळ माणूस जो विशिष्ट उच्चार करतो, त्यासारखा एक वर्ण जुन्या कन्नडमध्ये होता व त्याला स्वतंत्र अक्षर होते. मध्ययुगात तो उच्चार लोपला. पुढच्या लेखकूंनी पोथ्या उतरताना त्याच्या जागी साधा ळकार लिहिण्यास प्रारंभ केला. मग मूळ शब्दात कोणता वर्ण होता, हे पोथी पाहून कळेनासे झाले. तेराव्या शतकातील व्याकरणकार केशिराज याने आपल्या ‘शब्दमणिदर्पणा’त त्या लोपत चाललेल्या वर्णाचे शब्द मोजून, वेगळे काढून दिले आहेत. जे ज्ञान कालपर्यंत प्रत्येकाच्या जिभेवर होते, ते उद्या कोणास राहणार नाही, हे ओळखून वेळीच केलेली ही नोंद आहे. सातशे वर्षांनी कोशकारांना तिचा उपयोग झाला. ज्ञानाची व्यवस्था ही विसाव्या शतकातील व्यवस्थापनशास्त्राने लावलेली नवी युक्ती आहे, असे समजणाऱ्यांनी केशिराजाची यादी अवश्य पाहावी.

‘शब्दमणिदर्पणा’चे आधुनिक काळातील एक साक्षेपी संपादक डी. एल. नरसिंहाचार हे परिषदेच्या निघंटूचेही एक आधारस्तंभ होते. म्हैसूरच्या महाराजा महाविद्यालयात त्यांच्यापाशी जे विद्यार्थी ग्रंथसंपादनाचे तंत्र शिकले, त्यांत जी. वेंकटसुब्बय्या हे एक होते. पहिला खंड १९७० साली निघाला आणि दुसऱ्याच वर्षी, १९७१ साली, नरसिंहाचार निवर्तले. सात खंड अद्याप व्हावयाचे होते. अशा प्रसंगी काम कोलमडते. निदान त्याचा सूर तरी बदलतो. येथे काम चालू राहिले आणि वेंकटसुब्बय्यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली ते तडीस गेले. त्यामागे दोन गोष्टी होत्या असे म्हणता येते. गुरूने शिष्यास वर्षानुवर्षे जवळ बसवून नजर दिली होती, ही पहिली. दुसरी अशी की, नरसिंहाचारांनी आपले तंत्र केवळ तोंडी ठेवले नव्हते. पोथ्यांतील पाठभेद कसे पारखावेत, लेखकूंच्या चुका कशा ओळखाव्यात, याविषयी ‘कन्नड ग्रंथ संपादने’ हा स्वतंत्र ग्रंथच त्यांनी १९६४ साली लिहून ठेवला होता. स्वतः जाणणे, शेजाऱ्यास शिकविणे आणि न भेटणाऱ्यासाठी लिहून ठेवणे या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिली साधलेल्या विद्वानांची वाण नसते. तिन्ही साधणारे मात्र विरळा.

परदेशातही या कामातील अडचणी वेगळ्या नव्हत्या. ऑक्सफर्डचा इंग्रजी कोश जेम्स मरे यांनी १८७९ साली हाती घेतला, तेव्हा आधीच्या वीस वर्षांत जमलेल्या चिठ्ठ्या पोत्यांतून त्यांच्याकडे आल्या. एका पोत्यात मेलेला उंदीर निघाला, दुसऱ्यात जिवंत उंदरीण पिलांसह नांदत होती. एका अक्षराच्या चिठ्ठ्या इटलीतील फ्लॉरेन्स शहरी सापडल्या. आणखी काही आयर्लंडमधील एका तबेल्यात मिळाल्या, आणि तोवर त्यांतील कित्येक विस्तव पेटविण्याच्या कामी खर्ची पडल्या होत्या. मरे यांनी पत्र्याची खोली बांधली, तीत १,०२९ कप्पे केले आणि वाचकांसाठी लेखी सूचना छापल्या. या सूचनांची गरज का पडली, ते पाहण्यासारखे आहे. हौशी वाचकांना विलक्षण शब्दांचे आकर्षण असते. रोजच्या शब्दाकडे त्यांचे लक्ष जात नाही. ‘ॲब्यूजन’ या दुर्मिळ शब्दाची पन्नासेक उदाहरणे जमली होती आणि ‘ॲब्यूज’ या नेहमीच्या शब्दाची अवघी पाच. कोणत्याही कचेरीत हेच घडते. अपवादात्मक प्रकरणाची जाडजूड धारिका असते. रोजचे काम नेमके कसे करतात, हे मात्र कोठेही लिहिलेले नसते, कारण ते सर्वांस ठाऊक आहे असे सर्वांस वाटते. एवढी काळजी घेऊनही ‘बाँडमेड’ या शब्दाच्या चिठ्ठ्या गहाळ झाल्या आणि तो शब्द मूळ कोशात आलाच नाही. १९३३ च्या पुरवणीत त्याला जागा मिळाली. मरे १९१५ साली, म्हणजे चामराजपेटेतील परिषद ज्या वर्षी जन्मली त्याच वर्षी, वारले. त्यांचा कोश पूर्ण होण्यास आणखी तेरा वर्षे लागली.

महाराष्ट्रात या विषयाचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचे ज्ञानकोश कार्यालय. केतकरांनी लोकांना भाग विकून ज्ञानकोश मंडळ नावाची मर्यादित कंपनी काढली. आरंभी नागपुरास व नंतर पुण्यास तिचे काम चालले आणि तेवीस विभागांचा ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोश’ पुरा झाला. त्या कोशातील माहितीचा पुष्कळसा भाग आज कालबाह्य झाला आहे, यात आश्चर्य नाही. परंतु त्या कार्यालयाने आणखी एक वस्तू निर्माण केली व तिची गणना विभागांत होत नाही. यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे हे दोघे त्या कार्यालयात केतकरांच्या हाताखाली तयार झाले. माहिती कशी गोळा करावी, मदतनिसांत काम कसे वाटावे, खर्चाचा मेळ कसा घालावा, छापखान्याशी कसे वागावे, हे सारे त्यांना तेथे मिळाले. पुढे याच जोडीने ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे सात विभाग १९३२ ते १९३८ या सहा-सात वर्षांत पुरे केले, पुरवणी विभाग १९५० साली आला. वाक्संप्रदायांचा कोश, शास्त्रीय परिभाषेचा कोश, ‘सुलभ विश्वकोश’ ही कामेही याच परंपरेतील. एका कार्यालयाचे दार बंद झाले, पण तेथील कसब माणसांबरोबर बाहेर पडले व दुसऱ्या कार्यालयात रुजले. केतकरांनी मंडळाचा इतिहासही, त्यातील आर्थिक ओढाताणीसह, स्वतंत्र पुस्तकरूपाने लिहून ठेवला. आपले काम कसे झाले हे सांगण्याचा संकोच बाळगणाऱ्या आपल्या समाजात ही गोष्ट विशेष होय.

पुण्याच्या येरवड्यातील डेक्कन कॉलेजात डॉ. सुमित्र मंगेश कत्रे यांनी १९४८ साली आरंभिलेला संस्कृतचा बृहत्कोश हे या प्रश्नाचे आणखी अवघड रूप आहे. सुमारे दीड हजार ग्रंथांतून तेथे एक कोटीच्या आसपास चिठ्ठ्या तयार झाल्या. पहिला अंश १९७६ साली, डॉ. अमृत माधव घाटगे यांच्या संपादकत्वाखाली, प्रसिद्ध झाला. त्यानंतर तीसहून अधिक भाग निघाले, तरी ते सर्व अकारादी शब्दांतच फिरत राहिले. ज्या पंडितांनी त्या चिठ्ठ्या लिहिल्या, ते आता हयात नाहीत. चिठ्ठ्यांच्या प्रतिमा संगणकावर उतरविण्याचे काम झाले आहे व ते उपकारक आहे. पण चिठ्ठीवरील एका ओळीवरून न्यायाचा अर्थ कोणता, मीमांसेचा कोणता आणि वैद्यकाचा कोणता हे ओळखणारा मनुष्य तयार होण्यास दहा-पंधरा वर्षे लागतात. कपाट भरण्यास पंचवीस वर्षे लागली. ते वाचू शकणारी माणसे मात्र दर पिढीस नव्याने घडवावी लागणार आहेत.

सरकारी कचेऱ्यांनी याच प्रश्नाशी आपापल्या परीने झुंज दिली आहे. महाराष्ट्रातील कारकुनास ‘सहा गठ्ठे पद्धत’ परिचित असते. टेबलावरील कागदांचे सहा गठ्ठे करावयाचे: नित्याची प्रकरणे, उत्तराच्या प्रतीक्षेतील प्रकरणे, ठराविक मुदतीने पाठवावयाची विवरणे, स्थायी आदेश, अभिलेख कक्षाकडे पाठवावयाचे कागद आणि नष्ट करावयाचे कागद. या पद्धतीची थट्टा करणे सोपे आहे. परंतु बदलून आलेल्या नव्या माणसास पहिल्याच दिवशी आपल्यापुढे काय वाढून ठेवले आहे, हे कोणास न विचारता कळावे, हा तिचा हेतू शहाणपणाचा आहे. त्यातही चौथा गठ्ठा, स्थायी आदेशांचा, हा कचेरीची स्मृती होय. एखाद्या प्रश्नावर पूर्वी काय ठरले व का ठरले, हे त्यात असावयास हवे. ‘काय ठरले’ हे बहुधा असते. ‘का ठरले’ हे आदेशात नसते. ते मूळ धारिकेतील टिपणीत असते, आणि ती धारिका त्याच वेळी नेमकी सापडत नाही. कारण माहीत नसलेला नियम पाळणारा मनुष्य एक तर तो आंधळेपणाने लावतो किंवा निष्कारण मोडतो.

आणखी एक अडचण मनुष्यस्वभावातील आहे. प्रत्येक कचेरीत असा एखादा अनुभवी कारकून असतो की, ज्याच्यावाचून पान हालत नाही. कोणता कागद कोणत्या कपाटात आहे, हे त्यालाच ठाऊक असते. आणि ते इतरांस कळू न देण्यातच त्याची प्रतिष्ठा असते. साहेब येतात-जातात, तो राहतो. त्याला दोष देणे पुरेसे नाही. ज्याचे मोल केवळ त्याच्या गुपितावर ठरते, तो गुपित उघडे का करील? शिकविणाऱ्याची बूज राखली जाते, असे जेथे दिसते, तेथे माणसे शिकवितात. २००५ च्या माहिती अधिकार अधिनियमाच्या चौथ्या कलमाने प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणास अभिलेखांची सूची व अनुक्रमणिका करण्याचे बंधन घातले आहे. नागरिकासाठी केलेली ही तरतूद कचेरीतील शेजारच्या टेबलासही तितकीच उपयोगी पडते.

नुसता कागद सांभाळला म्हणजे ज्ञान सांभाळले, असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागदांचे हजारो रुमाल आहेत. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या देखरेखीखाली १९३० ते १९३४ या काळात त्यांतील निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग प्रसिद्ध झाले. एके काळी ही लिपी महाराष्ट्रातील प्रत्येक कारकुनाच्या हाताच्या बोटांत होती. विसाव्या शतकात ती शाळेतून व व्यवहारातून गेली, आणि जे कागद कोणीही वाचू शकत असे, ते वाचण्यास आता मोडीचे खास वर्ग काढावे लागतात. कागद जागच्या जागी आहे. त्याला बोलते करणारी विद्या दुर्मिळ झाली.

बंगळूर ही पुढे संगणकाची नगरी झाली. तेथील इन्फोसिस या कंपनीने विसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या अभियंत्यांच्या अनुभवाचा एक सामाईक साठा संगणकावर उघडला. जो आपला अनुभव लिहून देईल, त्यास गुण मिळावयाचे व त्या गुणांच्या बदल्यात बक्षीस. परिणाम असा झाला की लिखाण भराभर वाढले, पण गुणांसाठी लिहिलेला मजकूर बराच आला. त्यातून उपयुक्त ते निवडणे कठीण होऊन बसले, आणि कंपनीस बक्षिसाची पद्धत आवरती घ्यावी लागली. मरे यांच्या पन्नास चिठ्ठ्या आणि पाच चिठ्ठ्या यांची येथे आठवण होते. जपानमधील अनुभव याच्या उलट बाजूचा आहे. मात्सुशिता कंपनीस घरगुती पाव भाजण्याचे यंत्र करावयाचे होते, पण पीठ नीट मळले जाईना. तेव्हा इकुको तानाका या अभियंता ओसाका येथील एका हॉटेलातील नामांकित पाववाल्याकडे उमेदवारीस राहिल्या. पीठ ओढताना त्यास विशिष्ट पीळ देण्याची त्याची लकब त्यांनी हाताने शिकून घेतली आणि मग ती यंत्राच्या भाषेत उतरविली. त्या पाववाल्यास कोणी लेखी माहिती मागितली असती, तर तो पीळ त्याने लिहिला नसता. आपण तो देतो, हे त्यास सांगताही आले नसते. मायकेल पोलान्यी या तत्त्वज्ञाने अशा ज्ञानास अव्यक्त ज्ञान म्हटले आहे. तेव्हा साठा करणारी कपाटे आणि जवळ बसवून शिकविणारी माणसे यांपैकी एकावरच भिस्त ठेवून भागत नाही. यंत्रावर खर्च करणे मंडळांना सोपे वाटते, कारण त्याची पावती मिळते. ज्येष्ठाने कनिष्ठास दिलेल्या वेळेची पावती मिळत नाही, म्हणून तो खर्च अंदाजपत्रकात कोणी धरीत नाही.

परिषदेच्या निघंटूचा लाभ कन्नडपुरता नाही. तूप, अडकित्ता, अण्णा, अक्का अशा मराठी शब्दांचा माग काढू लागलो तर कन्नडच्या अंगणात जावे लागते, आणि फर्डिनांड किटेल यांच्या १८९४ च्या कन्नड-इंग्रजी कोशानंतर अभ्यासकास मिळालेला हा सर्वांत मोठा आधार आहे. पण आठ खंडांचा कोश किती घरांत असणार? वेंकटसुब्बय्यांनी १९९१ पासून, म्हणजे अखेरचा खंड बाहेर पडण्यापूर्वीच, ‘प्रजावाणी’ या दैनिकात ‘इगो कन्नड’ नावाचे सदर सुरू केले. त्या वेळी त्यांचे वय सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर होते. शब्दांविषयी वाचकांनी प्रश्न पाठवावयाचे आणि त्यांनी कोशकाराचा दाखला देऊन, पण साध्या भाषेत, उत्तर द्यावयाचे. अमुक शब्द शुद्ध की अशुद्ध, तमुक म्हण कोठून आली, परभाषेतून आलेला शब्द कसा ओळखावा, असे नाना प्रश्न येत. कचेरीच्या चार भिंतींत पन्नास वर्षे साठलेले ज्ञान अशा रीतीने टपालाच्या पाकिटातून आलेल्या एकेका प्रश्नाला उत्तर देऊ लागले. परभाषेतून कन्नडमध्ये आलेल्या शब्दांचा एक कोशही त्यांनी स्वतंत्रपणे केला. २०२१ सालच्या एप्रिलमध्ये, वयाच्या एकशे सातव्या वर्षी, ते निवर्तले. ‘इगो कन्नड’मधील त्या प्रश्नोत्तरांचे संग्रह पुस्तकरूपाने निघालेले आहेत.